खिशातलं नाणं, हातातलं पान

प्रश्न : वयाच्या ४७ व्या वर्षी नाण्यांची आणि पत्त्यांची जादू शिकायला सुरुवात करता येते का? भाचीच्या लग्नात एका पाहुण्याने शेजारी बसून दहाच्या नाण्याचे दोन-तीन प्रयोग दाखवले, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. पण माझी बोटं जाडजूड, चपळाई शून्य. व्हिडिओ बघतो, युक्ती कळते, करायला गेलो की जमत नाही. नेमकी सुरुवात कुठून करू? — एक वाचक, मिरज

उत्तर : वयाचं आधी निकालात काढू. आधुनिक जादूचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो फ्रान्सचा रोबेर-उदँ मूळचा घड्याळजी. पॅरिसमध्ये त्याने स्वतःचं छोटं थिएटर उघडलं ते १८४५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी. तोवर पोट चाललं ते घड्याळांवर आणि यांत्रिक खेळण्यांवर. आणि बोटांचं म्हणाल तर अर्जेंटिनाच्या रेने लावांदची आठवण करून देतो. नवव्या वर्षी अपघातात त्याचा उजवा हात गेला. उरलेल्या डाव्या हाताने तो पत्ते पिसायला, वाटायला, फसवायला शिकला. तिशी उलटेपर्यंत बँकेत नोकरी करत होता, मग पूर्ण वेळ जादूगार झाला आणि जगभर फिरला. त्याची ख्याती कशाची? तर संथपणाची. तीच करामत तो दर वेळी आधीपेक्षा सावकाश करून दाखवायचा आणि समोरचे दर वेळी फसायचे.

तेव्हा चपळाईची काळजी सोडा. आपल्याकडे जादू म्हटलं की जादूगार रघुवीर यांच्यासारखे रंगमंचावरचे भरगच्च प्रयोग आठवतात. तुमचा पाहुणा मात्र हातभर अंतरावर बसला होता. तिथे वेग दिसला की संशय आलाच. हात झटकन फिरला तर बघणाऱ्याला नेमकं काय केलं ते कळत नाही, पण काहीतरी केलं हे पक्कं कळतं, आणि तेवढ्याने खेळ संपतो.

तुम्हाला जमत नाही, कारण व्हिडिओतून तुम्ही खोटी हालचाल शिकता आहात आणि खरी कधी पाहिलेलीच नाही. असं करा. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात ठेवा. खरोखर ठेवा, काही लपवू नका. पुन्हा ठेवा. आता बघा : डावा हात नाणं घ्यायला किती पुढे येतो, बोटं कधी मिटतात, नाणं सुटल्यावर उजवा हात काय करतो, मान कुठे वळते. बहुतेकांचा उजवा हात काम संपलं की सैल पडून खाली जातो आणि डोळे मिटलेल्या मुठीबरोबर जातात. हे सगळं पाठ झालं की एकच गोष्ट बदलायची, नाणं उजव्या हातातच राहू द्यायचं. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी ते आडवं धरा. बोटं किंचित वाकलेली असू द्यात, रिकामा हात तसाही तेवढा वाकलेला असतोच. चार करामतींच्या मागे लागण्यापेक्षा महिनाभर एवढंच करा, असं माझं स्पष्ट मत आहे. तळहाताच्या मध्ये, अंगठ्याच्या उंचवट्याच्या आधाराने नाणं धरण्याची जी प्रसिद्ध पद्धत आहे, तिच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. तिला वेळ लागतो आणि सुरुवातीला हात चक्क दुखतो.

या साध्या फसवणुकीत डोळ्यांचं काम हातांपेक्षा जास्त असतं. इंग्लंडमधल्या गुस्ताव कून आणि मायकेल लँड या दोन संशोधकांनी २००६ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर फेकतो आणि झेलतो. तिसऱ्यांदा फेकल्याचं नुसतं नाटक करतो, चेंडू हातातच राहतो. त्याने नजर वर नेली तेव्हा ६८ टक्के लोकांना कधीच न उडालेला चेंडू वर जाताना ‘दिसला’. हालचाल तीच ठेवून तो आपल्या हाताकडेच बघत राहिला, तेव्हा हे प्रमाण ३२ टक्क्यांवर आलं. म्हणजे तुमची नजर चोर हाताकडे गेली की निम्मी जादू तिथेच सांडली. रिकाम्या मुठीकडे बघा, तेही तिच्यात नाणं आहे असं स्वतःला पटवून.

म्हणून आरशावर फार विसंबू नका. आरशात बघताना तुमची नजर जिथे जायला हवी तिथे जातच नाही, ती स्वतःला तपासत असते. मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा करा, चित्रण करा आणि मग बघा. एक मजेशीर गोष्ट सापडेल : नेमक्या लबाडीच्या क्षणी आपण डोळे मिचकावतो. स्वतःलाही ते बघवत नाही बहुधा. सवयीने जातं.

सराव बिछान्यापुढे उभं राहून करा. नाणं पडणारच, आणि फरशीवर घरंगळलेलं नाणं कपाटाखालून काढण्यात कंबर जाते. त्याहून उपयोगी सराव म्हणजे हातात नाणं दडवून रोजची कामं करणं : चहा ओतणं, चपला घालणं, फोन लावणं, दाराची कडी काढणं. हात नाणं विसरला की तो आपोआप निर्दोष दिसू लागतो. सुरुवातीला हातालाही काहीतरी निमित्त द्यावं. नाणं डाव्या मुठीत ‘ठेवलं’ की उजवा हात खिशाकडे जातो, पेन काढतो, मुठीवर टेकवतो. आता त्या हाताने बोटं का मिटली आहेत असं कोण विचारणार? जादूगाराच्या छडीचा एक व्यावहारिक उपयोग हाच.

आता नाणं कोणतं? या विषयावरचं सर्वांत वापरलं गेलेलं पुस्तक जे. बी. बोबो या अमेरिकन जादूगाराचं, ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’, १९५२ सालचं. त्यातलं बरंचसं अमेरिकी अर्ध्या डॉलरच्या नाण्यावर बेतलेलं आहे आणि ते असतं साडेतीस मिलिमीटरहून थोडं रुंद. आपली आजची एक आणि पाच रुपयांची नाणी त्याहून बरीच लहान. दहा आणि वीस रुपयांची नाणी २७ मिलिमीटरची, त्यातल्या त्यात तीच बरी. एक आणि दोन रुपयांची सध्याची नाणी स्टेनलेस स्टीलची, लहान आणि निसरडी, जाड बोटांच्या माणसाला जाच. गंमत अशी की आपल्याकडचा जुना चांदीचा रुपया, राणीछाप किंवा त्यानंतरचा राजाच्या चेहऱ्याचा, वजनाला बरोबर एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि रुंदीला जवळजवळ अर्ध्या डॉलरएवढाच. आजीच्या डब्यात असेल तर एकदा हातात धरून बघा, बोबोने काय लिहिलंय ते हाताला कळेल. सरावाला मात्र वापरू नका. घरच्यांना कळलं तर जादू बाजूला राहील, आणि चांदी चांदीवर आपटली की खणखणीत वाजते.

नाण्यांच्या जादूच्या राजाबद्दल एक सांगायलाच हवं. टी. नेल्सन डाउन्स हा अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला रेल्वेचा तारबाबू. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात तो नाण्यांशी खेळत बसायचा. त्यातून हवेतून नाणी वेचण्याचा त्याचा प्रयोग उभा राहिला आणि १८९९ मध्ये तो लंडनच्या पॅलेस थिएटरात पोचला. तुमच्या नोकरीत असा रिकामा वेळ आहे की नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

पत्त्यांकडे येऊ. मेंढीकोट, बदामसात खेळलेल्या हाताला कॅट नवा नसतो, हा तुमचा फायदा. कागदी पत्ते घ्या. प्लास्टिकचे टिकतात, पण सुरुवातीला हातातून निसटतात. जादूगार वापरतात ते पत्ते साधारण ६३ मिलिमीटर रुंद, ब्रिजचे ५७ च्या आसपास. तुमची बोटं जाडजूड आहेत म्हणता, तर रुंद घ्या.

तीन रांगांत सात-सात पानं मांडायचा एकवीस पत्त्यांचा खेळ तुम्हाला येतच असेल. निवडलेली रांग तीनदा मध्ये ठेवली की पान वरून अकराव्या जागी येतं. गणित चोख, पण त्रेसष्ट वेळा पान मांडताना बघणारा जांभया देतो. त्यापेक्षा हे घ्या. कॅट नीट करताना तळाचं पान गुपचूप बघून ठेवा, समजा किलवरची सत्ती. समोरच्याला कुठलंही पान काढून बघू द्या, ते कॅटच्या वर ठेवायला सांगा आणि त्यालाच कॅट काटू द्या. खालचा गठ्ठा वर आला की सत्ती बरोबर त्याच्या पानाच्या डोक्यावर येऊन बसते. तो आणखी एक-दोनदा काटेल, काटू द्या, जोडी सहसा तुटत नाही. पिसू मात्र देऊ नका. आता वरून एकेक पान उघडं मांडत जा. सत्तीनंतरचं पान त्याचं.

इथे थांबलात तर कोडं सुटलं, एवढंच. थांबू नका. त्याचं पान बघून न बघितल्यासारखं करा आणि पुढे चार-पाच पानं मांडा. तुमचा पचका झाला म्हणून त्याच्या चेहऱ्यावर हसू येईल. मग कॅटच्या वरच्या पानावर बोट ठेवून म्हणा, ‘आता मी जे पान उलटं करीन ते तुमचंच, चहाची पैज.’ तो लगेच हो म्हणेल. हात मागे न्या आणि टेबलावर उघडं पडलेलं त्याचं पान पालथं करा. यात बोटांची कसरत कवडीची नाही. लागतो तो साळसूद चेहरा आणि योग्य जागी थांबण्याचं भान, आणि ते पंधराव्या वर्षापेक्षा सत्तेचाळिसाव्या वर्षी जास्त असतं.

पुढे ह्यूगार्ड आणि ब्राव यांचं ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ धरा. इंग्रजी सोपं आहे, प्रकरणं चढत्या क्रमाने आहेत. एक प्रकरण हातात बसल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. व्हिडिओचा तोटा हाच की तो पुढचं दाखवायला टपलेला असतो.

प्रेक्षक निवडताना लहान मुलांपासून सुरुवात करू नका. त्यांचे डोळे तुमच्या तळहाताच्या पातळीला असतात, वरून झाकलेलं त्यांना खालून दिसतं. आणि ‘परत एकदा’ अशी फर्माईश आली तर दुसरा प्रयोग दाखवा. पत्त्यांचा उस्ताद डाय व्हर्नन याने १९२२ मध्ये शिकागोत खुद्द हुदिनीला एकच पत्त्याचा खेळ पुन्हा पुन्हा दाखवून चकवलं, पण तो व्हर्नन होता.

प्रश्न : पत्त्यांच्या हातचलाखीवर हात बसला तर रमीत त्याचा उपयोग होतो का? (चेष्टेने विचारतो आहे.) — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चेष्टेत विचारलंत तरी उत्तर ‘हो’ आहे. १९०२ मध्ये एस. डब्ल्यू. अर्डनेस या नावाने अमेरिकेत छापलेलं ‘द एक्स्पर्ट अॅट द कार्ड टेबल’ हे पुस्तक पत्त्यांच्या जादूगारांचा आधारग्रंथ मानलं जातं आणि त्याचा मोठा भाग उघडउघड जुगारातल्या लबाडीवर आहे. लेखकाने खरं नाव लपवलं ते इतकं पक्कं की तो नक्की कोण यावर अजून वाद चालू आहेत. तुमचं नाव मात्र सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असणार. एकदा जादू करून दाखवलीत की कोजागिरीला पत्ते तुमच्या हातात कुणी पिसायला देणार नाही, आणि तुम्ही प्रामाणिकपणे जिंकलात तरी ते कुणाला पटणार नाही.