सात भावांच्या वाटण्या आणि दोन नाणी

सतराव्या शतकात जर्मनी हा एकसंध देश नव्हता. तो शेकडो लहानमोठ्या संस्थानांचा समूह होता. त्यांतील काही ड्यूक घराण्यांत राज्य सर्व मुलग्यांत वाटले जाई. मुलींना वाटा नसे. एखाद्याला मुलगा नसला, की त्याचा मुलूख भाऊबंदांकडे जाई.

सॅक्स-गोथाचा ड्यूक अर्न्स्ट १६७५ मध्ये वारला. त्याला अठरा अपत्ये झाली होती. मागे सात मुलगे राहिले. १६८० मध्ये त्यांच्या वाटण्या झाल्या आणि गोथा, कोबुर्ग, माइनिंगेन, रोमहिल्ड, आयझेनबेर्ग, हिल्डबुर्गहाउझेन व झालफेल्ड अशी सात संस्थाने निघाली. एवढ्याशा मुलखात सात दरबार! असेच चालू राहिले असते, तर नातवंडांच्या वाट्याला काय आले असते? हा धोका ओळखून थोरल्या फ्रीड्रिखने १६८५ मध्ये आपल्या गोथा शाखेत ज्येष्ठ पुत्रालाच राज्य देण्याचा नियम केला. पण दुसरा धोका उलट्या बाजूने आला. १६९९, १७०७ आणि १७१० मध्ये तीन भाऊ वारले, आणि तिघांनाही मागे मुलगा नव्हता. त्यांच्या मुलखाचे भांडण १७३५ पर्यंत चालले.

सातांपैकी तीन शाखा एकाच पिढीत खुंटल्या, यात नवल आहे का? हिशोब करून पाहू.

समजा, प्रत्येक पुरुष दोन नाणी उडवतो आणि जितके छाप पडतील तितके त्याचे मुलगे मोठे होतात. म्हणजे शून्य, एक व दोन मुलग्यांची संभाव्यता अनुक्रमे १/४, १/२, १/४. (खरी कुटुंबे इतकी शिस्तीने वागत नाहीत, पण सुरुवातीला एवढे पुरे.) एका पिढीत वंश खुंटण्याची संभाव्यता १/४. मग सात भावांपैकी तीन किंवा अधिक जण निपुत्रिक राहण्याची संभाव्यता सुमारे २४ टक्के येते. म्हणजे फारसे नवल नाही.

दोन पिढ्यांत वंश खुंटण्यासाठी एक तर मुलगाच नसावा, किंवा जे असतील ते सर्व निपुत्रिक असावेत:

१/४ + (१/२ × १/४) + (१/४ × १/४ × १/४) = २५/६४, म्हणजे ०.३९.

थोडक्यात, आधीच्या उत्तरात १ मिळवा, वर्ग करा आणि ४ ने भागा. तिसऱ्या पिढीला ०.४८, चौथीला ०.५५, पाचवीला ०.६० येतात. हा आकडा कोठे थांबेल? थांबलेली किंमत क्ष मानली, तर क्ष = (१ + क्ष)²/४, म्हणजे (१ − क्ष)² = ०, म्हणून क्ष = १. सरासरी बरोबर एक मुलगा असूनही वंश केव्हातरी खुंटतोच!

हाच प्रश्न गाल्टन यांनी १८७३ मध्ये मांडला आणि वॉटसन यांनी समीकरण दिले. मात्र प्रत्येक वंश संपतो, हा वॉटसन यांचा निष्कर्ष चुकीचा होता. सरासरी १ पेक्षा जास्त असेल, तर क्ष १ पेक्षा कमी निघतो. युरेनियममधील न्यूट्रॉनांची साखळी टिकेल की विझेल, हेही याच गणिताने पाहतात.

आता फ्रीड्रिखची शाखा पाहा. त्याच्यापासून पाचव्या पिढीत एकही वारस पुरुष उरला नाही. १८२५ मध्ये गोथाचा शेवटचा ड्यूक वारला आणि १८२६ मध्ये उरलेल्या भाऊबंदांत पुन्हा वाटण्या झाल्या.