खणणारा कोण?
शिवारातील उपद्रवी प्राणी व गावची कुत्री : इयत्ता ४ थीसाठी परिसर-पाठ

ग्रामीण भागातील बालकास वन्य प्राण्यांची पहिली ओळख पुस्तकातून होत नाही. रात्री डुकरांनी भुईमूग उकरला, साळिंदराने कणगरे खाल्ली, बांधाला भोक पडून खाचरातील पाणी वाहून गेले, अशा गोष्टी ते घरी नित्य ऐकत असते. तथापि या ज्ञानात प्रत्यक्ष पाहिलेले थोडे व तर्काने ठरविलेले पुष्कळ असते. सकाळी बांधावर खड्डा दिसतो, आणि त्या रात्री कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडात जो प्राणी सापडतो तोच अपराधी ठरतो. परिणामी निरुपद्रवी प्राणी जिवास मुकतो, खरा उपद्रवी प्राणी मोकळा राहतो व शेतकऱ्याचे नुकसान चालूच राहते. उलट, दारातच वावरणाऱ्या कुत्र्याविषयी सर्वांत अधिक सावधगिरी हवी असता तिचा विचारही होत नाही.

या पाठाचे उद्देश तीन आहेत. खुणा पाहून प्राणी ओळखण्याची सवय मुलांस लागावी. उपद्रवी व निरुपद्रवी हा भेद त्यांनी पुराव्यावरून करावा. आणि कुत्रा चावल्यास काय करावे हे प्रत्येक मुलास तोंडपाठ असावे. तिसऱ्या उद्देशावर एखाद्या बालकाचे प्राण अवलंबून असू शकतात. म्हणून वेळ अपुरा पडल्यास अन्य भाग संक्षिप्त करावा, तो भाग करू नये.

पूर्वतयारी

पाठाच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी शाळेजवळच्या एक-दोन शेतांतून सकाळी फेरी मारावी व उकरलेली जागा, बिळे, पाउलखुणा यांची नोंद करावी. मुलांस तेथे न्यावयाचे असल्यास शेतमालकाची संमती आधी घ्यावी. सायंकाळी मुलांस नेऊ नये. कोणत्याही बिळात हात किंवा पाय घालू नये, अशी सक्त सूचना द्यावी. कारण रिकाम्या बिळांत साप आश्रय घेतात. मऊ मातीतील पाउलखुणेभोवती पुठ्ठ्याचे कडे ठेवून त्यात पातळ कालवलेले प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतल्यास उत्तम ठसा मिळतो. ते न मिळाल्यास पाटीवर काढलेली आकृतीही पुरेशी होते.

प्रस्तावना

पुढील प्रश्नांनी पाठास आरंभ करावा. काल रात्री तुमच्या शेतात कोण आले होते? त्याला कोणी पाहिले? पाहिले नसेल तर ते कशावरून ओळखले? पहिल्या प्रश्नास पुष्कळ उत्तरे येतील, दुसऱ्यास थोडी. तिसऱ्या प्रश्नाशी वर्ग थांबेल. तेथेच हेतुकथन करावे : “आज आपण खड्डा पाहून खणणारा ओळखावयास शिकू.”

विषयविवेचन

१. खड्ड्यांची भाषा. रानडुक्कर नाकाने जमीन उलथते. त्यामुळे नांगराचे तास पडावे तशी लांब-रुंद पट्टी उकरलेली दिसते. मातीत दोन खुरांचा ठसा उमटतो. माती ओली असल्यास मागील बाजूस दोन लहान खुरांच्या खुणाही दिसतात. डुकरे बहुधा कळपाने येतात, म्हणून नुकसान एका रात्रीत मोठे होते. साळिंदर कंद व मुळे खणून काढते, झाडांच्या साली कुरतडते, आणि जाता-येता एखादे काटेरी पीस टाकून जाते. ते काटे बाणासारखे फेकते, ही समजूत खरी नाही. काटे सैल असल्यामुळे अंगाशी भिडणाऱ्याच्या शरीरात रुततात. घूस बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग घालते. कोकणातील भातखाचरांच्या बांधांस पुष्कळदा खेकडेही भोके पाडतात. कुत्रे उन्हाळ्यात सावलीच्या मऊ मातीत उथळ खळगा करून बसते, किंवा उंदराच्या बिळामागे वेडीवाकडी माती उकरते. त्याच्या पावलाच्या ठशात चार बोटे व पुढे नखांच्या खुणा स्पष्ट असतात. मांजर नखे आत ओढून चालते, म्हणून तिच्या ठशात नखे दिसत नाहीत. हा भेद मुलांस आवर्जून दाखवावा.

२. खवले मांजर. वारुळात किंवा मुंग्यांच्या वसाहतीत नेमके भोक पाडलेले असून शेजारचे पीक मात्र जसेच्या तसे उभे असेल, तर खणणारे खवले मांजर असण्याचा संभव पुष्कळ आहे. नावात मांजर असले तरी हा मांजराच्या कुळातील प्राणी नव्हे. त्यास दात नाहीत. लांब, चिकट जिभेने ते मुंग्या व वाळवी टिपते. दिवसा बिळात झोपते व रात्री बाहेर पडते. मादीस एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. त्यामुळे मारलेल्या प्राण्याची उणीव भरून येण्यास फार काळ लागतो.

ते पिकाचे पान खात नाही, कोंबडी उचलत नाही, माणसावर धावून येत नाही. शेतकऱ्याच्या घराचे वासे व शेतातील झाडे पोखरणारी वाळवी हेच त्याचे अन्न होय. असे असता त्यास जिवास का मुकावे लागते? रात्री गावची कुत्री त्यास गाठतात. ते अंगाचे वेटोळे करते. मग कुत्र्याचा दात त्याच्या खवल्यांत शिरत नाही. कुत्र्यांपासून वाचविणारी ही युक्ती माणसापुढे मात्र निरुपयोगी ठरते. भुंकणे ऐकून माणसे धावतात, आणि वेटोळे केलेला प्राणी सहज उचलून पोत्यात घालता येतो.

त्याच्या खवल्यांत औषधी गुण आहेत या समजुतीपायी त्याची चोरटी शिकार होते. वस्तुतः खवले ज्या द्रव्याचे बनलेले असतात, त्याच द्रव्याची आपली नखे व केस बनलेले आहेत. मुलांस स्वतःचे नख पाहावयास सांगून हा मुद्दा पटवावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश आहे. त्यास मारणे, पकडणे किंवा त्याचे खवले जवळ बाळगणे हा गुन्हा असून त्यास ३ ते ७ वर्षे कारावासाची शिक्षा होऊ शकते. २०१६ साली जोहान्सबर्ग येथील परिषदेत जगातील आठही जातींच्या खवले मांजरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचा निर्णय झाला. असा प्राणी आढळल्यास कुत्री बांधावीत, गर्दी हटवावी व वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

३. अमेरिकेतील आर्मडिलो. चित्रे पाहून मुले खवले मांजर व आर्मडिलो यांत गल्लत करतात. दोघांचे अंग कवचाचे, दोघेही खणणारे, परंतु त्यांचे नाते नाही. आर्मडिलोचे कवच हाडांच्या चकत्यांचे असते. नऊ पट्ट्यांचा आर्मडिलो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिओ ग्रांदे नदीच्या उत्तरेस टेक्सासमध्ये आला व पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात दूरवर पसरला. तो पूर्ण वेटोळे करू शकत नाही. दचकला की उंच उडी मारतो व बिळाकडे धावतो. मादीस एकाच बीजांडापासून एकसारखी चार पिल्ले होतात.

जमिनीतील अळ्या व किडे शोधताना तो हिरवळीत व बागेत जागोजागी खड्डे करतो, घराच्या पायाजवळ बीळ करतो, आणि कुत्री त्याच्या वासाने रात्रभर भुंकतात. म्हणून तेथील मळेवाले त्यास उपद्रवी म्हणतात. त्याच टेक्सासने १९९५ साली त्यास राज्याच्या मानाच्या प्राण्यांतही स्थान दिले. काही आर्मडिलोंच्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू असतात. त्या भागातील काही रुग्णांना त्यांच्यापासूनच बाधा झाली असावी, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. यास्तव त्यास हाताळू नये असे तेथे सांगितले जाते. हा उल्लेख करताना कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, हेही शिक्षकांनी त्याच वेळी सांगावे. येथे मुलांच्या मनावर एवढेच ठसवावयाचे की, प्राणी उपद्रवी आहे किंवा नाही हे तो काय खातो, कोठे खणतो व त्यापासून कोणता रोग संभवतो, यावरून ठरते. त्याच्या विचित्र रूपावरून नव्हे.

४. गावची कुत्री. कुत्रा लांडग्याच्या कुळातून हजारो वर्षांपूर्वी माणसाजवळ आला. तो राखण करतो, मेंढपाळास साथ देतो. परंतु मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली म्हणजे ती ससे व मोरांच्या मागे लागतात, करडे-कोकरे फाडतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळाससारख्या गावी समुद्रकासवांची अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरावी लागतात, त्याचे एक कारण किनाऱ्यावर वाळू उकरणारी कुत्री हे होय.

कुत्र्यांची संख्या उघड्या अन्नावर पोसली जाते. शाळेच्या पोषण आहाराचे उरलेले अन्न स्वयंपाकघरामागे टाकले, तर कुत्री शाळेतच वस्ती करतात. असे अन्न झाकणाच्या डब्यात जमा करून जनावरांस घालावे किंवा खतखड्ड्यात पुरावे. कुत्र्यांस विष घालणे अमानुष असून बेकायदेशीरही आहे. निर्बीजीकरण व लसीकरण हाच टिकाऊ उपाय होय. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. शाळा, रुग्णालये आदी ठिकाणांस कुंपण घालावे व तेथील मोकाट कुत्री हलवावीत, असे निदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. मुख्याध्यापकांनी हा विषय ग्रामपंचायतीपुढे लेखी मांडावा.

५. चावल्यास काय करावे? पिसाळ रोग, म्हणजे रेबीज, हा विषाणूमुळे होतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु वेळीच लस घेतल्यास रोग टळतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मेइस्टर या ९ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोचविली व तो मुलगा वाचला. ही हकीगत मुलांस अवश्य सांगावी. तो त्यांच्याच वयाचा होता.

पुढील क्रम फळ्यावर लिहून पाठ करवून घ्यावा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल, राख यांपैकी काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. सांगितलेल्या प्रत्येक तारखेस लस घ्यावी. जखम भरून आली म्हणून मधेच थांबू नये. रक्त आलेल्या जखमेत लसीखेरीज दुसरेही औषध टोचावे लागते, म्हणून जखम लहान असली तरी डॉक्टरांस दाखवावी. ओरखडा, किंवा उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटणे, हेही धोक्याचे असते. कुत्रा पाळीव आहे किंवा पिल्लू आहे, म्हणून थांबू नये.

हे सारे ठाऊक असूनही मुले दगावतात, याचे एक कारण शिक्षकांनी लक्षात घ्यावे. कुत्र्याची खोडी काढली म्हणून मार बसेल, शेतात न सांगता गेलो म्हणून बोलणी बसतील, या भयाने मूल चावा लपविते. पायावरील चार लहान व्रण आठ दिवसांत बुजतात व घरातील कोणास पत्ताही लागत नाही. रोग मात्र पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्रकट होतो, आणि तेव्हा उपाय उरत नाही. म्हणून वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे की, चावा सांगणाऱ्या मुलास येथे कोणी रागावणार नाही. हे वचन शिक्षकांनी पाळलेच पाहिजे. एका मुलास दटावल्यास उरलेला वर्ग गप्प राहावयास शिकतो.

चावा टाळण्यासाठीही थोडे नियम आहेत. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये. अंगावर आल्यास पळू नये. हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन मान व कान हातांनी झाकावे. याचा सराव अंगणात खेळ म्हणून घ्यावा.

संकलन

वाळवीचे वारूळ फुटले व पीक शाबूत आहे, खणणारा कोण? नांगरल्यासारखी पट्टी कोणी केली? ठशात नखे दिसतात, मांजर की कुत्रा? कुत्रा चावल्यावर प्रथम काय करावे? कोणास सांगावे? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक मुलाकडून स्वतंत्रपणे काढून घ्यावीत. सामुदायिक उत्तरावर समाधान मानू नये.

उपयोजन

वर्गात ‘शिवाराची नोंदवही’ ठेवावी. तारीख, जागा, कोणते पीक, खुणेची आकृती, आणि प्राण्याचे नाव असे रकाने असावेत. खात्री नसल्यास नावाचा रकाना कोरा ठेवण्याची मोकळीक मुलांस द्यावी. नुकसान डुकरांनी केल्याचे आढळल्यास पालकांस वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. अशा वेळी ताज्या खुणांची नोंद पंचनाम्यास उपयोगी पडेल. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हा पाठ पालकांच्या उपस्थितीत पुन्हा घ्यावा व जखम धुण्याचे प्रात्यक्षिक मुलांकडून करवून दाखवावे. वर्षाअखेरीस नोंदवही पुढील वर्गाच्या स्वाधीन करावी.