जुनं लॉगिन उघडं ठेव

बाळा, डॉट-एसएसएच फोल्डर हलवायचं म्हणतोस, तर आधी सांग, कुठलं? तुझ्या लॅपटॉपवरचं की सर्व्हरवरचं? नाव एकच, कामं निराळी.

लॅपटॉपचं सोपं आहे. फक्त होम व्हेरिएबल बदलत बसू नकोस. ओपनएसएसएच तुझं घर तिथून शोधत नाही, यूजरच्या पासवर्ड फाइलमधल्या नोंदीवरून शोधतं. डॅश कॅपिटल एफ देऊन नवी कॉन्फिग दाखव आणि तिच्यात आयडेंटिटीफाइल, यूजरनोनहोस्ट्सफाइल या दोन्ही ओळी पूर्ण पाथसकट लिही. दुसरी विसरलास तर ओळखीच्या सर्व्हरांची यादी मुकाट्याने जुन्याच जागी साठत राहील.

सर्व्हरवर मात्र जीव मुठीत धरून काम कर. तुझं होम एन्क्रिप्टेड आहे ना? मग ऑथोराइझ्ड-कीज तिथे ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. लॉगिन झाल्याशिवाय होम उघडत नाही, आणि होम उघडल्याशिवाय की तपासता येत नाही. फसवं असं, की तू आत असताना होम उघडंच असतं, म्हणून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झकास होतं. सकाळी मात्र बंद. मी अशीच एकदा रात्रीची बस धरून सर्व्हररूम गाठली आहे.

म्हणून फाइल एटसी-एसएसएचखाली ने, प्रत्येक यूजरच्या नावाची वेगळी, आणि ऑथोराइझ्डकीजफाइल या ओळीत टक्का-यू घालून तो पाथ दे. जुना पाथ त्या ओळीतून काढ. मालक रूट असू दे, परवानगी ६४४. सुरक्षित म्हणून ६०० करशील तर अडकशील, कारण एसएसएचडी ती फाइल त्या यूजरच्याच हक्काने वाचतं. फोल्डरवर गटाला किंवा इतरांना लिहायची मुभा राहिली, तरी स्ट्रिक्टमोड्स की नाकारतं.

मग एसएसएचडी डॅश टी चालवून कॉन्फिग तपास आणि रीलोड कर. पण त्याआधी रूटचं एक सेशन उघडून ठेव, तुझ्या खात्याचं नको. तुझ्या खात्यातून पूर्ण बाहेर पड, होम बंद झालंय हे रूटकडून बघ, आणि नव्याने आत शिरून दाखव. रूटची खिडकी त्यानंतर मिट.