गडचिरोलीचा बाजार : स्वस्त काय, महाग काय

गडचिरोली जिल्ह्यात बाजारहाट म्हणजे अजूनही मुख्यतः आठवडी बाजार. ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावी तो भरतो आणि आसपासच्या गावांची माणसे मीठमिरचीपासून लुगड्यापर्यंत सगळे तिथेच घेतात. सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही असे म्हणतात, पण ते सगळ्या मालाला लागू नाही. पालेभाजी, टमाटर, सांभार, मासोळी उन्हे उतरली की बरीच खाली येतात, कारण तो माल परत नेणे विकणाऱ्याला परवडत नाही. डाळ, तेल, चप्पल, कापड मात्र वाट पाहून स्वस्त होत नाही. त्यासाठी चार दुकाने फिरून भाव विचारावे लागतात. आतल्या गावच्या माणसाला परतीची गाडी गाठायची असते, म्हणून संध्याकाळच्या उतरत्या भावाचा फायदा बहुधा तालुक्याच्या गावातल्यांनाच मिळतो. दूरच्या पाच-सहा घरांनी मिळून १५ किलोचा तेलाचा डबा किंवा डाळीचे पोते घेतले आणि घरी वाटून घेतले, तर ही कसर काहीशी भरून निघते.

भावापेक्षा माप महत्त्वाचे, हा या भागातला जुना आणि कडू अनुभव आहे. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्या काळच्या भामरागड परिसराच्या आठवणींत मिठाच्या बदल्यात मापाला माप चारोळी देण्याचा उल्लेख वारंवार येतो. माप सारखे असले की व्यवहार चोख वाटतो. दोन जिनसांच्या किमतीतले अंतर मापात दिसत नाही. पायलीचेही तसेच. घेताना शिगेला भरायची आणि देताना काठाशी थांबवायची, एवढ्या फरकात व्यापाऱ्याचा नफा निघत असे.

आज पैसे रोख मिळतात, तरी जंगलाकाठचे गिऱ्हाईक अजूनही एकाच दिवशी विकणारे आणि घेणारे असते. सकाळी मोह, डिंक, चिंच विकायची आणि त्याच दुकानातून किराणा उचलायचा, हा महागात पडणारा रिवाज आहे. दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळले की कुठे किती गेले ते कळत नाही. आधी माल विकून पूर्ण रक्कम हातात घ्यावी आणि मग खरेदीला निघावे, शक्यतो दुसऱ्या दुकानात. उधारी असेल तर ती वेगळी फेडावी.

काट्याची पारख सोपी आहे. वजन करण्याआधी आकडा शून्यावर आहे का आणि टोपल्याचे वजन वजा केले का, ते पाहावे. शंका आली तर घरून नेलेला मिठाचा बंद किलोचा पुडा काट्यावर ठेवून पाहावा. फरक मोठा दिसला तर तिथून निघावे. १ एप्रिल २०११ पासून लागू असलेल्या वैधमापन कायद्यानुसार पडताळणी न झालेला काटा वापरणे हा गुन्हा आहे. दगडाचे वजन तर मुळीच चालत नाही.

मोहफुलांचा व्यवहार उलट्या बचतीचा नमुना आहे. ऐन हंगामात, आवक भरपूर असताना, घरातला सगळा मोह विकला जातो आणि पावसाळ्यात लागेल तसा चढ्या दराने परत घेतला जातो. मोह गोळा करण्यावर आणि साठवण्यावर असलेले निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. तेव्हा घरापुरता मोह कडकडीत वाळवून ठेवायला आता अडचण नाही. ओल मात्र लागू देऊ नये, नाहीतर सगळाच माल वाया जातो.

तांदळात सर्वांत जास्त बचत आहे, कारण हा धानाचाच मुलूख. दिवाळीनंतर नवे धान बाजारात येते तेव्हा वर्षाचे धान घेऊन गिरणीत काढून आणावे. एक क्विंटल धानातून साधारण ६५ किलो तांदूळ निघतो. समजा धान २६०० रुपये क्विंटल मिळाले, तर तांदूळ चाळीस रुपये किलोने पडला. त्यात भरडाई आणि गाडीभाडे मिळवून दुकानातल्या भावाशी ताडून पाहावे. कोंडा आणि कनकी घरी येते ती वेगळीच. नवा तांदूळ चिकट शिजतो आणि कमी फुगतो, म्हणून धान काही महिने कोरड्या जागी ठेवून मग काढणे चांगले. पाकिटावरच्या ‘एचएमटी’ या नावाला मात्र भुलू नये. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढले, पण ते नाव आज कुणीही कुठल्याही तांदळावर छापतो. मूठभर शिजवून पाहणे हीच खात्री.

भामरागडकडे पावसाळ्याची बेगमी जूनच्या आधीच झाली पाहिजे. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो आणि गावात उरलेल्या मालाचा भाव चढतो. मीठ, तेल, डाळ, साबण, काडेपेटी भरून ठेवावी. दळलेला मसाला आणि बिस्किटे दमट हवेत टिकत नाहीत. रेशनचे धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो मिळते. यंत्रातून निघालेली पावती मागून घेऊन किलो मोजावेत.

पाकीटबंद मालावरची किंमत कमाल असते. त्यावर ‘थंड करण्याचे’ किंवा ‘वाहतुकीचे’ दोन रुपये मागता येत नाहीत. मोठे पाकीट स्वस्तच असते हाही भ्रम आहे. शाम्पूच्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, म्हणून प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत काढून पाहावी.

स्वस्ताईचा सर्वांत मोठा फटका बियाण्यात बसतो. राजुरा, कोरपना, चामोर्शी या कापसाच्या पट्ट्यात ‘चोर बीटी’ या नावाने ओळखले जाणारे बियाणे हातोहात विकले जाते. त्याला शासनाची मान्यता नाही आणि पावतीही मिळत नाही. उगवले नाही, तर शेतकऱ्याचा हंगाम जातो आणि दाद मागायला कागदही नसतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना असते. तिच्यासोबत दुसरे औषध घ्याच, असा आग्रह धरण्याचा दुकानदाराला अधिकार नाही.

फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बियाण्याची तक्रार तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाते आणि तिथे पावती, पिशवी, लेबल मागतात. म्हणून या तिन्ही वस्तू थोड्या बियाण्यासह पीक घरी येईपर्यंत जपून ठेवाव्यात.