मेलेल्या पेशी परत येत नाहीत, मग हात कसा हलू लागला?

प्रश्न : वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं बंद झालं. मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता चार महिन्यांनी ते पेला धरतात. दोन-चार शब्द बोलतात, आणि आरती मात्र अख्खी म्हणतात! हे कसं काय? सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते, हे खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे आणि तुम्ही पाहताय तेही खरं आहे. कोडं पडतं, कारण ‘हात हलवणं’ हे काम मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यातल्या पेशींकडेच असतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते पेशींच्या जाळ्याचं काम असतं. मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. पेला उचलायचा तर पाहणं, अंतर जोखणं, बोटं उघडणं, तोल सांभाळणं यासाठी मेंदूचे अनेक भाग एकमेकांशी जोडलेले लागतात. झटक्यात या जाळ्याचा एक तुकडा जातो, सगळं जाळं जात नाही.

पहिल्या काही दिवसांतली सुधारणा बरीचशी सूज उतरल्यामुळे होते. रक्तपुरवठा कमी पडून गप्प झालेल्या, पण जिवंत राहिलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात. शिवाय, इजेपासून दूर असलेले धडधाकट भागही मंदावलेले असतात. पाट वर फुटला की खालचं शेत शाबूत असूनही कोरडं राहतं, तसंच हे. स्वित्झर्लंडमधले मेंदूतज्ज्ञ फॉन मोनाको यांनी 1914 मध्येच या प्रकाराचं सविस्तर वर्णन केलं होतं. हे दूरचे भाग हळूहळू जागे होतात.

यापुढची सुधारणा ही खरी फेरजुळणी. इजेच्या कडेच्या पेशींना नवे फाटे फुटतात, जुने दुबळे जोड बळकट होतात. पण ते आपोआप योग्य जागी जुळत नाहीत. अमेरिकेत रँडॉल्फ न्यूडो यांनी माकडांच्या मेंदूतल्या हाताच्या भागाला छोटी इजा करून हे तपासलं. सराव न दिलेल्या माकडांमध्ये शेजारचा, शाबूत असलेला हाताचा भागही आक्रसला. ज्या माकडांना लहान खळग्यांतून बोटांनी खाऊ काढायचा सराव दिला, त्यांच्यात तो भाग टिकला. काहींमध्ये तर तो कोपर-खांद्याच्या भागात पसरला. हे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. वापर होतो तो जोड टिकतो, हा त्यांचा अर्थ.

इथे दोन गैरसमज दूर करू. पहिला, मेंदूचा नव्वद टक्के भाग रिकामा पडून असतो आणि तोच कामाला लागतो. असा रिकामा भाग नसतोच; जे भाग मदतीला येतात ते आधीपासून कामातच असतात. दुसरा, डावा मेंदू गेला की उजवा त्याचं सगळं काम उचलतो. मेंदूची चित्रं घेतली तर सुरुवातीला हात हलवताना दोन्ही बाजू जोरात काम करताना दिसतात. पण ज्यांचा हात चांगला सुधारतो, त्यांच्यात हे काम बहुधा इजा झालेल्या बाजूच्या उरलेल्या भागांकडे परत येतं.

आता आरती. ओळखीच्या चालीवर, वर्षानुवर्षं घोकून पाठ झालेले शब्द एका ओघात येतात. स्वतःचं वाक्य जुळवताना मात्र दर वेळी शब्द शोधावा लागतो. बहुतेकांमध्ये हे जुळवणं मेंदूच्या डाव्या बाजूवर अवलंबून असतं, तर चाल आणि पाठांतर यांत उजवी बाजूही भाग घेते. त्यामुळे आरती म्हणणारा माणूस ‘पाणी द्या’ म्हणताना अडखळला, तर तो मुद्दाम बोलत नाही असं समजू नका. चालीचा आधार घेऊन बोलणं शिकवण्याची एक पद्धत बोस्टनच्या संशोधकांनी 1973 मध्ये मांडली. वाचा-उपचारतज्ज्ञांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

सहा महिन्यांची गोष्ट अर्धवट खरी आहे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, पण त्यानंतर दार बंद होत नाही. बरा हात सगळं करू लागला की दुबळा हात वापरायचाच राहून जातो. हे ओळखून एडवर्ड टॉब यांनी बरा हात मोज्यात अडकवून दुबळ्या हाताकडून काम करवून घ्यायची पद्धत आणली. 2006 मध्ये तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. 222 रुग्ण होते, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले आणि मनगट-बोटं थोडी तरी हलणारे. दोन आठवड्यांच्या उपचाराचा फायदा वर्षभरानंतरही दिसत होता.

तेव्हा मालिश करायला हरकत नाही, पण जाळं बदलतं ते मुख्यतः वडील स्वतः प्रयत्न करतात तेव्हा. सदऱ्याचं बटण त्यांना लावू द्या, वेळ लागला तरी. पेला उचलताना खांदा वर जातो का, धड पुढे झुकतं का, हे पाहा. तसं होत असेल तर हाताचं काम शरीर भागवून नेतंय, म्हणून फिजिओथेरपिस्टला दाखवा. व्यायाम किती करायचा हेही फिजिओथेरपिस्टलाच ठरवू द्या; जास्त म्हणजे नेहमीच चांगलं, असं नसतं. झटक्यानंतर पहिल्या 24 तासांतच रुग्णाला पुष्कळ उठवून चालवल्यास निकाल कमी चांगले लागतात, असं 2015 च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं.

आणि रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका. फेरजुळणी होते ती उरलेल्या पेशींच्या बळावर. दुसरा झटका नेमक्या त्याच पेशी नेऊ शकतो.