शिवनेरीची माती बॅगेत नको

जुन्नरचा माणूस मॉरिशसला निघाला की शिवनेरीची चिमूटभर माती बरोबर घ्यावी असं त्याच्या मनात येतंच. त्या बेटावर मोका इथे 28 एप्रिल 2023 रोजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा गडाची माती त्या पायाशी वाहावी ही इच्छा चुकीची कोण म्हणेल? आमच्या गटातल्या नानांनी पितळी डबीत माती घेतली होती. वहिनींनी गणपती तोंडावर आलेत म्हणून दूर्वा, आंब्याची डहाळी आणि उसाची दोन कांडी वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत घातली होती.

मॉरिशसच्या विमानतळावर त्यांची बॅग बाजूला काढली गेली. अधिकारी तरुण होता, मोडकंतोडकं हिंदी बोलत होता. नानांनी डबी उघडून सांगितलं, ‘‘हमारे महाराज के किले की मिट्टी है.’’ त्याने शांतपणे ऐकून घेतलं, डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंड बंद केलं, वर चिठ्ठी चिकटवली. मग ऊस. माती पाहून जो माणूस एवढा शांत होता, त्याचा चेहरा ऊस पाहून बदलला. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दोघांनी कांडी उलटसुलट करून पाहिली आणि नानांसमोर त्यांचा प्रवासाचा फॉर्म ठेवला. झाडं, बिया, माती बरोबर आहे का, या प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण होती. ती नानांनी केलीच नव्हती. एजंटच्या पोराने सगळ्यांचे फॉर्म एका बैठकीत भरून टाकले होते. खुलासे होईपर्यंत बाकीचे आम्ही सामानाच्या पट्ट्याशेजारी ताटकळत. सगळं जप्त झालं आणि समज देऊन सोडलं, हे नशीबच म्हणायचं. दंडही होऊ शकला असता.

मॉरिशसमध्ये माती आणि ऊस आणायला थेट मनाई आहे. ताजी फळं, भाज्या, रोपं, कलमं, बिया यांना आधी परवाना लागतो. हा नुसता कागदी काच नाही. त्या बेटाची शेती म्हणजे मुख्यतः ऊस. एका कांड्यातून एखादा रोग शिरला तर पळून जायला त्यांना शेजारचा जिल्हा नाही. नारायणगावच्या टोमॅटोवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. 2020 साली विषाणूने प्लॉटच्या प्लॉट वाया गेले होते. त्यामुळे आपल्या द्राक्षांची पेटी, हापूस, मंचरचा कांदा यांतलं काहीही भेट म्हणून नेऊ नका. चिवडा-चकलीसारखं कोरडं, पाकीटबंद खाणं न्या, पण तेही फॉर्मवर लिहा. तुपाचे-खव्याचे पदार्थ तर घरीच ठेवा. फॉर्म स्वतः भरा, निदान वाचल्याशिवाय पुढे पाठवू देऊ नका. पूजेच्या साहित्याची काळजी नको. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी घरांत गणपती बसतात. दूर्वा कुठे मिळतील ते ती माणसं सांगतात.

व्हिसासाठी भारतीयांना आधी खेटे घालावे लागत नाहीत. मात्र परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय दाखवायला सांगतात. हे कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवा. एकाच्याच मोबाइलवर सगळ्यांचे कागद, हा आपला आवडता उद्योग तिथे करू नका. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या, जबर वेदनेच्या गोळ्या आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय नेणं म्हणजे संकट ओढवून घेणं. ई-सिगारेटला बंदी आहे, हे बरोबरच्या पोरांना निघण्याआधीच बजावा.

तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि चक्रीवादळंही त्याच दिवसांत. 15 जानेवारी 2024 ला ‘बेलाल’ वादळाने पोर्ट लुई या राजधानीत गाड्या पाण्यात तरंगल्या होत्या. म्हणजे नाताळची सुट्टी किंवा 19 फेब्रुवारीची शिवजयंती साधून जाणाऱ्यांनी तारीख बदलता येईल असं तिकीट आणि वादळ धरणारा विमा घ्यावा. वादळाचे इशारे क्रमांकाने देतात. क्रमांक वाढायला लागला की हॉटेलात बसायचं, पैसे भरलेत म्हणून सहलीचा हट्ट धरायचा नाही. मे ते ऑक्टोबर हवा छान. गणपतीच्या सुमारास मात्र क्यूरपीपसारख्या उंचावरच्या गावात स्वेटर लागतो आणि पूर्व किनाऱ्यावर वारा झोंबतो.

समुद्राबद्दल आपल्या लोकांना जरा स्पष्टच सांगायला हवं. विहिरीत उड्या मारून शिकलेल्याला सगळं पाणी आपलंच वाटतं. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे; तिच्या आतलं पाणी उथळ आणि निवांत, पण भिंतीत जिथे वाट आहे तिथे ओढ जबरदस्त. दक्षिणेला ग्री-ग्री इथे ती भिंतच नाही, लाटा थेट येतात, तिथे पाण्यात उतरूच नका. पाण्यात रबरी बूट घाला. काटेरी सागरी प्राणी आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा पायाखाली आला तर सहल दवाखान्यात संपते. उसाच्या फडाशेजारून चालताना मात्र आमच्यातल्या सगळ्यांची पावलं आपोआप जपून पडत होती, जुन्नर-आंबेगावच्या उसातल्या बिबट्यामुळे लागलेली सवय. मॉरिशसमध्ये बिबट्या नाही.

पैशांचं बोलायचं तर ‘सगळं धरून’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. आमच्या पॅकेजमध्ये इल ओ सेर्फ बेट होतं, तिथे जायची बोट नव्हती! कोणती बोट, कोणतं जेवण, कोणती तिकिटं, हे एजंटकडून लिहून घ्या. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. 12 फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, पण ते सगळीकडे चालतं असं समजू नका आणि ॲपमधली परदेशी व्यवहाराची सोय इथूनच चालू करून घ्या. आपली नोट चालत नाही. त्यांचाही रुपया असला तरी तो वेगळा. हॉटेलातल्या सॉकेटची भोकं इंग्लंडच्या पद्धतीची चौकोनी, म्हणून चार्जरला जोड न्या. रविवारी गावातली दुकानं लवकर बंद होतात. खाण्याची चिंता नको, डाळपुरी रस्त्यावर मिळते आणि शाकाहारी माणसाचं पोट भरतं.

तिथली मराठी मंडळी मुख्यतः कोकणातून गेलेल्यांचे वंशज. रोजचं बोलणं क्रिओलमध्ये, मराठी शाळेत शिकलेली. त्यांच्याशी सावकाश बोला, आपल्या जुन्नरी वेगाने नव्हे. आणि त्यांच्या मराठीची परीक्षा घेऊ नका. आमच्यातल्या एका मास्तरांनी ती घेतली आणि समोरची आजी गप्प झाली, ते बघवलं नाही.

शेवटचं, घर ते मुंबई विमानतळ. चाकणमार्गे जाणार असाल तर तिथल्या कोंडीसाठी हातात भरपूर वेळ ठेवा. माळशेजने जाणार असाल तर पावसाळ्यात दरडी आणि धुकं धरून घाट दिवसाउजेडी उतरा, मग विमान रात्री उशिराचं का असेना. मुंबईत चार तास बसून राहावं लागलं तरी चालेल.