बोर्डाच्या कागदावरचा शेवटचा रकाना

फौजेतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला गावात एकच प्रश्न विचारतात : "डिसॅबिलिटी किती टक्के बसली?" सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात घरटी एक फौजी, त्यामुळे हा प्रश्न सोसायटीत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत कुठेही येतो. उत्तर देणारा बहुधा आपल्या मेडिकल बोर्डाच्या कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा सांगतो. पैसे मात्र त्या आकड्यावर मिळत नाहीत. हे मला माझाच कागद हातात आल्यावर कळलं, आणि पुढे जे घडलं ते बोर्डाला उभं राहण्याआधी प्रत्येक जवानाला माहीत असावं, म्हणून लिहितोय.

रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६. त्यात टक्केवारीचा एक तक्ता असतो. आधी प्रत्येक दुखण्याचं नाव आणि त्याची सुटी टक्केवारी. मग सगळ्यांची मिळून 'कंपोझिट' टक्केवारी. त्यानंतर यातली कोणती दुखणी पेन्शनला पात्र, ते. आणि शेवटच्या रकान्यात 'नेट'. पेन्शन ठरते ती या नेटवर.

माझ्या फॉर्मवर तीन दुखणी होती. उजवा गुडघा ३०, दोन्ही कानांचं ऐकणं २०, रक्तदाब ३०. कंपोझिट ६०. नेट ४०.

रक्तदाबापुढे शेरा होता की हा सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. फौजेत याला 'नाना' म्हणतात. हा शेरा बसला की ते दुखणं कंपोझिटमध्ये मोजलं जातं, पण नेटमध्ये येत नाही. एखाद्याचं कंपोझिट ७० असेल आणि सगळ्यांपुढे 'नाना' असेल, तर त्याला डिसॅबिलिटी एलिमेंटचा, म्हणजे पेन्शनमधल्या अपंगत्वाच्या भागाचा, एक रुपयाही मिळत नाही. त्यामुळे सर्वांत आधी हा शेरा वाचायचा.

माझी खरी हरकत मात्र दुसरीच होती. गुडघा आणि कान दोन्ही सेवेमुळे, हे बोर्डानेच मान्य केलं होतं. मग ३० आणि २० मिळून ४० कसे?

टक्केवारी सरळ बेरजेने धरत नाहीत, हे प्रत्येक युनिटमधला कारकून सांगतो. ते अर्धंच खरं आहे. डॉक्टरांसाठी 'गाइड टू मेडिकल ऑफिसर्स (मिलिटरी पेन्शन्स)' नावाची पुस्तिका आहे. तिच्या २००२ च्या आवृत्तीत हा नियम स्वच्छ दिलाय. दोन दुखण्यांचा परिणाम शरीराच्या वेगवेगळ्या कामांवर होत असेल, तर कंपोझिट म्हणजे सरळ बेरीज. परिणाम एकमेकांत मिसळत असेल, तर जेवढा मिसळतो तेवढी घट. उजवा गुडघा आणि उजवा घोटा दोन्ही गेले असतील तर अडचण एकाच चालण्याची, तिथे बेरीज कमी होणं समजू शकतं. पण गुडघ्याने मी चालतो आणि कानाने ऐकतो. यात मिसळायला काय आहे? वेगळ्या कामांच्या दुखण्यांतही काही बोर्ड विनाकारण घट करतात आणि ते बरोबर नाही, असंही त्याच पुस्तिकेत बजावलंय. सरकारचीच पुस्तिका जवानाच्या बाजूने इतकं स्पष्ट बोलते आणि जवानांपर्यंत ती पोचत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, दहा टक्क्यांसाठी एवढं कशाला? दहा टक्के कुठे पडतात त्यावर सगळं अवलंबून आहे. १ जानेवारी १९९६ पासून राउंडिंगचा नियम आहे, कागदोपत्री त्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. नेट ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ च्या पुढे १००. म्हणजे ४० चे होतात ५०, आणि ५० चे होतात ७५. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट मिळतो, बाकीचं त्या प्रमाणात. हिशोबासाठी पगार ४०,००० धरा. पन्नास टक्क्यांना महिना ६,०००, पंचाहत्तरला ९,०००, आणि त्यावर महागाई सवलत. हा फरक जन्मभराचा. उलट कुणाचे ३० असतील आणि भांडून ४० होणार असतील, तर राउंडिंगनंतर दोन्हीचे ५०च. त्याने तो मुद्दा लढवण्यात वर्षं घालवू नयेत.

अगदी तळाचीही एक रेघ आहे. मुदत पुरी करून आलेल्याला नेट किमान २० लागतं. कानाचे १५ आणि बोटाचे १० अशी दोन किरकोळ दुखणी असलेल्याची बेरीज धरली की नाही, यावर त्याला काही मिळणार की काहीच नाही, हे ठरतं.

आता रक्तदाबाबद्दल. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल आणि पुढे त्यामुळे माणूस बाहेर पडत असेल, तर तो सेवेशी संबंधित आहे असं गृहीत धरायचं आणि नसेल तर ते सरकारने कारणं देऊन दाखवायचं, असं सुप्रीम कोर्टाने २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं. मीही अपिलाला तो निकाल जोडला. माझं निदान पीस स्टेशनला झालं होतं, फील्डमधल्या वर्षांत कुठे नोंद नव्हती, आणि रक्तदाबाचा मुद्दा मान्य झाला नाही. गुडघ्याचं तसं नव्हतं. कुपवाड्याच्या बाजूला रात्रीच्या पेट्रोलिंगमध्ये घसरलो तेव्हा आमच्या कंपनी हवालदाराने एमआय रूममधून मला हलू दिलं नाही, इंज्युरी रिपोर्टचा फॉर्म, आयएएफवाय-२००६, भरून घेतला आणि सीओ साहेबांच्या सहीला पाठवला. मी मॉर्टर प्लाटूनमधला, ८१ एमएमच्या नळीपाशी कान गेलेला. ऑडिओमेट्रीचे जुने कागद फाइलला होते म्हणून कानाचा दावा टिकला. त्या हवालदार साहेबांचे उपकार मी विसरणार नाही. माझ्याबरोबरचे कितीतरी जण क्रेप बँडेज बांधून पुन्हा ड्युटीवर गेले आणि बोर्डापुढे त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता.

तेव्हा जो अजून नोकरीत आहे त्याने दुखापत लहान असली तरी रिपोर्ट करावा आणि झेरॉक्स घरी पाठवावी. बोर्डापुढे निवेदन भरताना फील्डमधल्या पोस्टिंगच्या तारखा आणि ठिकाणं नीट लिहावीत. सही करण्याआधी शेवटचा रकाना वाचावा. पटलं नाही तर नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करावं. माझे ४० चे ५० पहिल्या अपीलात झाले, फक्त त्या पुस्तिकेतला उतारा पुढे ठेवून.

पण पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, ५० चे ५०च छापून आले. राउंडिंग आधी इनव्हॅलिड होऊन, म्हणजे दुखण्यामुळे मुदतीआधीच, आलेल्यांनाच मिळत असे. मुदत पुरी केलेल्यांचा हक्क सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालात मान्य केला, तरी तो आपोआप खात्यात जमा होईल अशा भरवशावर राहू नका. मला सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज करावा लागला. महाराष्ट्र, गोवा, गुजरातची प्रकरणं तिथे चालतात. तिथून ७५ मिळाले. जुन्या मंडळींनी एवढं लक्षात घ्यावं की उशिरा गेलं तर दावा बहुधा बुडत नाही, पण थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. दर वर्षाच्या उशिरामागे एका वर्षाचे पैसे जातात.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदललेत आणि 'इम्पेअरमेंट रिलीफ' हा नवा प्रकार आलाय. त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी माझा हिशोब जसाच्या तसा धरू नये. डिस्चार्जची तारीख सांगूनच सल्ला घ्यावा.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका वहिनींकडे मागच्या महिन्यात बसलो होतो. दादा जाऊन वर्ष झालंय. ट्रंकेतून बोर्डाचा फॉर्म निघाला, नेट ३०, आणि पीपीओवरही ३०च. राउंडिंग कधी कुणी मागितलंच नाही. दादांच्या हयातीतली थकबाकी वारसाला मागता येते. सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आम्ही सोमवारी जातोय. डिस्चार्ज बुक, पीपीओ, बोर्डाचा फॉर्म आणि मृत्यूचा दाखला, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढून ठेवल्यात.